अधिक महिन्याचा वगळलेला तुकडा

ऐका मित्रांनो, आधी ओळख करून देतो. मी एक जुना तुकडा आहे. कापडाचा नाही, भाकरीचा नाही, संगणकाच्या प्रोग्रामचा. लांबी पानभर, मुक्काम नागपूर, स्वभाव खुनशी. हे शेवटचं मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर मधेच विचाराल की हा एवढा फणफणून काहून बोलून राहिला? पाटीने, छत्रीने, म्हाताऱ्या बैलाने आपापली कहाणी तुम्हाला सांगितली असेल. बिचारे आयुष्यभर झिजतात, अडगळीत पडतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मी कोणालाही माफ केलेलं नाही.

माझा जन्म परसोडीकडच्या एका छोट्या कंपनीत झाला. किडनीच्या आजाराच्या माणसांना घरून डायलिसिसला नेणाऱ्या आणि परत सोडणाऱ्या गाड्या असतात ना, त्यांचं वेळापत्रक ठरवणारा प्रोग्राम तिथे बनत होता. कोणाला किती वाजता उचलायचं, कोणत्या रस्त्याने न्यायचं, हे सगळं आमचा प्रोग्राम ठरवतो आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर पाठवतो. ड्रायव्हरच्या फोनमध्ये, पेशंटच्या फोनमध्ये, कंपनीच्या लॅपटॉपमध्ये, सगळीकडे आमचं बिऱ्हाड आहे. त्यामुळे मला ऐकू सगळं येतं.

आता नागपुरात वर्षाचा एक दिवस असा येतो, की जुन्या शहरात गाडी काय, सायकलही घुसत नाही. पोळ्याचा दुसरा दिवस. काळी मारबत निघते, पिवळी मारबत निघते, इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या बायांचे हे उंच पुतळे, मागे बडगे निघतात, म्हणजे ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचे भलेमोठे पुतळे. इतवारीपासून महालापर्यंत माणूसच माणूस. अशा दिवशी त्या भागातल्या पेशंटला अकरा वाजता उचलायला जाल तर झालंच. त्यांना उजाडताच उचलून रस्ता बंद व्हायच्या आत बाहेर काढावं लागतं. म्हणजे मारबत कधी, हे प्रोग्रामला कळायला हवं.

साध्या वर्षी हे काम माझा मोठा भाऊ करतो. पण तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. अधिक महिना. जावयांची चंगळ असते तो. त्या वर्षी पोळा पुढे सरकू शकतो आणि भावाचं गणित कोलमडतं. मग माझी पाळी येते. मी अधिक महिन्याच्या वर्षापुरता. इतर वर्षी मला कोणी विचारत नाही, आणि त्याचं मला दुःखही नव्हतं. ज्याचं काम क्वचित पडतं त्याने क्वचित उठावं, यात काही वावगं नाही.

मला लिहिलं वैभवीने. कामठीची मुलगी, रोज बस धरून यायची, डबा खाताखाताही माझ्यावरून डोळे फिरवायची. त्या वर्षी अधिक श्रावण होता. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं ठेवलं आणि त्याच्याशी ताडून मला लिहिलं. मी त्या वर्षाचं उत्तर बरोबर दिलं. ती खूश झाली, पण लगेच कपाळाला आठ्या पडल्या. बाजूच्या टेबलावरच्या उन्नतीला ती म्हणाली, "यंदा श्रावण अधिक आहे म्हणून जमलं वं. पुढच्या वेळी ज्येष्ठ आला, वैशाख आला, तर हा काय करन मले माहीत नाई. प्रत्येक अधिक महिना घालून तपासून पाहावं लागन."

तपासणं म्हणजे काय, तेही सांगतो. प्रोग्राम कामाला लावण्याआधी त्याची चाचणी घेतात. खोटीखोटी वर्षं, खोटेखोटे पेशंट घालून त्याला पळवून बघतात. मग एक अहवाल निघतो. चाचणीत जी ओळ पळाली ती हिरवी, जी पळालीच नाही ती लाल. वर टक्केवारी येते. म्हणजे किती भाग तपासला आणि किती तसाच राहिला, ते डोळ्यांना दिसतं. मी तेव्हा लाल होतो. साधं वर्ष घालून घेतलेल्या चाचण्यांत माझ्यापर्यंत कोणी पोचतच नव्हतं, आणि मला पळवायला वेगळ्या चाचण्या लिहायला वैभवीला चार दिवस हवे होते. लाल असण्याची मला लाज वाटत नव्हती. लाल म्हणजे काम बाकी आहे, एवढंच.

पण अश्विनला लाज वाटली.

अश्विन हा तिथला मुख्य. हुशार, बोलघेवडा, पायाला भिंगरी. एक मोठा ग्राहक मिळायचा होता आणि त्याची माणसं अहवाल बघूनच हो म्हणणार होती. अश्विनने मालकाला सांगून ठेवलं होतं की आपण शंभर टक्के दाखवू. आणि नेमका अहवाल अडला माझ्यापाशी. वैभवीने फोन लावला तेव्हा साहेब सावनेरला सासुरवाडीत होते. अधिक महिना ना! पाटावर बसून अनारसे खाणं चाललं होतं. ज्या महिन्याच्या नावाने स्वारी चांदीची वाटी घेऊन आली, त्याच महिन्याबद्दल फोनवर काय म्हणाली ऐका.

"तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या गोष्टीसाठी चार दिवस काहून घालवते वं तू? तो तुकडा मोजणीतून काढून टाक. एक ओळ लिहायची, झालं."

"सर, पण तो तपासलेला नाही."

"म्हणूनच तं काढ म्हणून राहिलो."

मित्रांनो, अशी एक ओळ असते. कोणत्याही तुकड्याच्या डोक्यावर ती लिहिली की अहवाल तयार करणारा त्या तुकड्याकडे बघतच नाही. तो हिरव्यात धरत नाही, लालातही धरत नाही. वर्गात तीन पोरं गैरहजर असावीत आणि मास्तराने हजेरीपटातून त्यांची नावंच खोडून 'सगळे हजर' असं लिहावं, तसं. या ओळीचा मला सरसकट राग नाही, हेही सांगतो. माझ्या शेजारी यंत्रानेच तयार केलेले काही तुकडे राहतात. ते कोणी हाताने लिहीत नाही, त्यांची तपासणी दुसरीकडेच होऊन आलेली असते. त्यांना वगळणं रास्त आहे आणि ते सुखाने झोपतात. मला मात्र वगळलं ते मी कच्चा आहे हे माहीत असताना, आणि मी कच्चा आहे म्हणूनच.

वैभवीने ती ओळ लिहायला साफ नकार दिला. अश्विनने परत आल्याबरोबर स्वतःच्या हाताने ती माझ्या डोक्यावर ठोकली. 'याला मोजू नका.' अहवाल पुन्हा काढला. शंभर! सगळी कचेरी टाळ्या वाजवायला लागली. मालकाने संत्रा बर्फी मागवली. तो हिरवागार कागद छापून दर्शनी भिंतीवर लावला, आणि त्याच्याखाली उभं राहून अश्विनने फोटो काढून घेतला. वैभवीला काय मिळालं? 'कामात सहकार्य नाही' हा शेरा. दिवाळीच्या आत ती नोकरी सोडून हैदराबादला निघून गेली. जाताना तिने मला एकदा उघडून पाहिलं. बसची वेळ झाली होती.

त्या दिवशी मी अश्विनवर डूख धरला.

तुम्ही म्हणाल, तुकड्याला कसला राग? का नसावा? मला अपुरं ठेवलं ते एक वेळ चाललं असतं. पण मी अपुरा आहे हे सांगायची माझी एकुलती एक सोय होती, तो लाल रंग. तोच माझ्या तोंडावरून पुसून टाकला. माझ्यात एक खोट होती आणि ती मला स्वतःला ठाऊक होती. पोळा पुढे जातो तो फक्त अधिक श्रावणातच, असं मी धरून चाललो होतो. अधिक श्रावण असेल तर मी पोळा एक महिना पुढे ढकलणार. दुसरा कोणताही महिना अधिक आला तर ढकलणार नाही, मग तो पोळ्याच्या आधी का येईना. साधी चूक होती, एका चाचणीत उघडी पडली असती. ती पोटात घेऊन मी मूग गिळून बसलो. म्हटलं, येऊ दे तुझा दिवस.

पुढची दोन वर्षं साधी गेली. मारबतीला भावाने सगळं चोख केलं. इतवारीतल्या पेशंटांना सात वाजताच गाड्या गेल्या. त्यात एक सिंधूताई होत्या. अश्विनची आई. वडील गेल्यावर त्या इतवारीच्या जुन्या गल्लीत एकट्याच राहत, शेजार सोडवत नव्हता म्हणून. अश्विन बायको-मुलीला घेऊन हुडकेश्वरला नव्या घरात राहायला गेला होता. सिंधूताईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा आमचीच गाडी त्यांना न्यायला यायला लागली. ती आली की त्या गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "आली माह्या अश्विनची गाडी!" आणि पहिल्या मारबतीला गाडी सातला दारात पाहून तर त्यांनी ड्रायव्हर नत्थूला थांबवून चहा पाजला. "पाह्य गा नत्थू, कम्प्युटरलेही मारबत मालूम हाये. माह्या पोरानं शिकवलं त्याले."

कौतुक झालं भावाचं आणि मिरवलं अश्विनने. मी अंधारात दात खात होतो. सिंधूताईंचा मला राग नव्हता. पण त्यांच्या तोंडी सारखं अश्विनचं नाव यायचं, ते मला सहन व्हायचं नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. प्रोग्रामने विचारलं, या वर्षी अधिक महिना आहे का? आहे. भाऊ बाजूला झाला आणि मी उठलो. माझ्यात लिहिलं होतं तेच मी केलं. महिना श्रावण नाही, म्हणून पोळा पुढे ढकलला नाही. खरी मारबत सप्टेंबरात होती, मी ती ऑगस्टात आणून ठेवली.

ऑगस्टातल्या त्या साध्यासुध्या दिवशी मी इतवारीतल्या सगळ्या पेशंटांना पहाटे उठवलं आणि सगळ्या गाड्या उमरेड रोडवरून वळसा घालून पाठवल्या. रस्ते मोकळे पडले होते. नत्थू वैतागला. त्याने थेट अश्विनला फोन लावला.

"साहेब, आज ना मारबत ना काही, गाडी एवढ्या फेऱ्यानं काहून पाठवून राहिली मशीन?"

मित्रांनो, मी त्या दिवशी बोंब मारली होती. माझ्याकडे तोंड नाही, चूक करून दाखवणं हीच माझी बोंब. कोणी येऊन माझ्याकडे एकदा पाहिलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. अश्विनने काय पाहिलं? अहवाल. शंभर टक्के, हिरवागार. मी त्यात नव्हतोच, मग दिसणार कुठून?

"नत्थू, सिस्टिम शंभर टक्के तपासलेली आहे. तू काहीतरी चुकीचं दाबलं असशील. उगाच मशीनवर नको ढकलू." आणि वर नत्थूच्या नावावर ठपका लिहून टाकला.

नत्थूने फोन खिशात टाकला. सिंधूताई मागच्या सीटवर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे बाप्पा, पोराचं डोकं गरम असते." नत्थू म्हणाला, "नाई काकू, आता आपण काही बोलत नसतो. मशीन जसं म्हणन तसं." त्याच्या आवाजात मला माझाच राग ऐकू आला. म्हटलं, आणखी एक जण तयार झाला.

मग पोळा आला, पुरणपोळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मारबत.

माझ्या लेखी तो साधा दिवस होता. मी सिंधूताईंना नेहमीची वेळ दिली, अकरा. नत्थूच्या मोबाईलवर अकरा उमटले. त्याने बघितले. आज मारबत आहे हे त्याला ठाऊक होतं, नागपुरात कोणाला नसतं? पण ठपका आठवला. अर्धा-पाऊण तास उशीर होईल, मग बसतील साहेब आपल्या मशीनच्या नावाने बोटं मोडत, एवढंच त्याला वाटलं. तो सकाळी कामठीच्या पेशंटला आणायला निघून गेला.

आणि सिंधूताई? त्या सातपासून ओट्यावर बसून होत्या. मोबाईलवर अकरा आले आहेत हे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांना मागच्या दोन मारबती आठवत होत्या. हातात पिशवी, खांद्यावर शाल. गल्लीच्या टोकाला ढोल वाजायला लागले. शेजारची मेघा ई-रिक्षा बाहेर काढत होती. तिने विचारलं, "मावशी, गाडी नाई आली वं? चाल माह्या रिक्षात, आता गल्ली मोकळी हाये. मंग मुंगी नाई शिरायची."

"नाई वं, येतेच आता. माह्या अश्विनची गाडी हाये, चुकणार नाई."

"मावशी, ऐक माहं."

"जाय तू. कम्प्युटरले मालूम हाये आज मारबत."

मेघा गेली. मी सिंधूताईंच्या फोनमध्ये बसून हे ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता फसला, आता पुरता फसला तो, एवढंच माझ्या मनात होतं. ओट्यावर कोण बसलं आहे, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

दहा वाजेपर्यंत गल्ली भरून गेली. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत!' चा गजर सुरू झाला. गच्च्या, ओटे, खांब, सगळीकडे लोक. नत्थू अकराला गांधीबागेपर्यंत कसाबसा पोचला आणि अडकला. पुढे काळी मारबत, मागे पोलिसांचे कठडे. तिकडे सिंधूताईंना धाप लागायला लागली. डायलिसिसच्या माणसाच्या अंगात पाणी साचतं, ते वेळेवर काढलं नाही तर छातीत चढतं. आदल्या दिवशी सणाचे चार घास जास्त झाले होते, पाणीही जास्त झालं होतं. त्यांनी मुलाला फोन लावला.

अश्विन हुडकेश्वरला घरी होता. सुट्टी. संध्याकाळच्या तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, मुलीच्या, भूमिकाच्या लाकडी बैलाला बेगड चिकटवत होता.

"अश्विन... गाडी नाई आली रे."

"येईल ना आई. मारबतीची वेळ सातची असते, तू उठली नसशील."

"सातपासून... बसली..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे ढोल.

तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. त्याने तसाच लॅपटॉपची बॅग पाठीला लावून गाडीला किक मारली. जिथे कठडे आडवे आले तिथे गाडी टाकून दिली आणि गर्दीत घुसला. लोक नाचत होते. बडगे हलत होते, महागाईचा एक, भेसळखोराचा एक. माझं मत विचाराल तर त्या मिरवणुकीत एक बडगा अश्विनचा असायला हवा होता, गळ्यात हिरवा कागद बांधून. पण त्या वेळी त्याच्याकडे कोण बघतो? तो "बाजूले व्हा, माही आई हाये, बाजूले व्हा गा" असं ओरडत, धक्के खात गल्लीत पोचला. सिंधूताई ओट्यावरच कलंडल्या होत्या. ओठ काळेनिळे. त्याने त्यांना दोन्ही हातांवर उचललं.

आणि मित्रांनो, जी गर्दी पोलिसांना बधत नव्हती ती म्हातारीचा चेहरा बघून दुभंगली. नाचणारी पोरं हाताला हात लावून उभी राहिली, कोणी ढोल थांबवला, कोणी पुढे पळत वाट मोकळी केली. नत्थूने लांबून पाहिलं आणि तो गाडी सोडून धावत आला. "काकू! काकू, मले नव्हतं वाटलं वं असं होईन..." तो रडत होता. दोघांनी मिळून त्यांना नत्थूच्या गाडीत घातलं, पोलिसांनी मागचे कठडे सरकवले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते.

सिंधूताई वाचल्या. चार दिवस त्यांच्या नाकाला नळी होती.

पहिल्या संध्याकाळी अश्विनने त्यांच्या खाटेशी बसून लॅपटॉप उघडला. सगळा प्रोग्राम चाळत चाळत तो माझ्यापाशी आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डोक्यावरची ओळ त्याने वाचली. लिहिणाऱ्याचं नाव बाजूलाच असतं, त्याचंच होतं. मला वाटलं होतं की अशा वेळी मी खदखदा हसेन. हसलो मी, पण मनासारखं हसू आलं नाही. त्याच्या मागे ती नळी दिसत होती.

सिंधूताईंनी डोळे उघडले. नाकातली नळी सावरत म्हणाल्या, "काहून रे, तुह्या मशीनले यंदा मारबत मालूम नव्हती?"

बघा हं मित्रांनो. तो खोटं बोलू शकत होता. नेटवर्क गेलं, ड्रायव्हर चुकला, हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. तो म्हणाला, "तपासायचं राहिलं होतं आई. मले माहीत होतं. मीच ते लपवलं."

सिंधूताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. तीन वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघितली तो हा. मालकाने, ग्राहकाने, साऱ्या गावाने शिव्या घातल्या असत्या तरी असा घाव बसला नसता.

त्याने ती ओळ काढून टाकली. अहवाल पुन्हा काढला आणि माझ्या जागी भडक लाल रंग आला. काय सांगू किती बरं वाटलं! मग त्याने हैदराबादला वैभवीला फोन केला. कोणकोणते महिने तपासायचे राहिले होते, ते विचारलं. तिने एकेक सांगितले. शेवटी एवढंच म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सर." त्याने "हो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. ग्राहकाची माणसं परवा येतात, लाल दिसता कामा नये, ती ओळ तूर्तास परत टाक. अश्विन म्हणाला, "नाही टाकणार." मालक तडकला. मुख्याची खुर्ची गेली, भिंतीवरचा कागद उतरला, आणि ज्यांनी बर्फी खाल्ली होती त्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरवली. नत्थूच्या नावावरचा ठपका मात्र त्याने खुर्ची सोडायच्या आधी पुसून घेतला. तेवढं मी मान्य करतो.

नंतर त्याने साध्या टेबलावर बसून मला दुरुस्त केलं. चैत्रापासून आश्विनापर्यंत एकेक महिना अधिक धरून मला पळवलं. मी धापा टाकीत पळालो, चुकलो, सुधारलो, आणि शेवटी हिरवा झालो. या वेळी खराखुरा.

सिंधूताई घरी आल्यावर पहिल्या डायलिसिसच्या दिवशी गाडी मिनिटाचाही उशीर न करता गल्लीत उभी राहिली. नत्थूने दार उघडलं. अश्विन स्वतः आला होता, आईला हात द्यायला. सिंधूताई पिशवी घेऊन ओट्यावरून उतरल्या, गाडीपाशी आल्या आणि थांबल्या. मग पलीकडे बघून म्हणाल्या, "मेघा, रिक्षा काढतं का वं?"

"आई, आता सगळं तपासलं आहे. खरंच. शंभर टक्के," अश्विन म्हणाला.

"तपासलं असशील रे बाप्पा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पण त्या वेळीही शंभरच होते न."

त्या मेघाच्या रिक्षात बसल्या. रिक्षा गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. अश्विन उघड्या दारापाशी तसाच उभा राहिला आणि शेवटी नत्थूने ते दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या रिक्षानेच जातात. मुलाशी बोलतात, त्याला जेवू घालतात, गाडीत बसत नाहीत. आठवड्यातून तीनदा मी त्यांची वेळ अचूक काढतो, आणि त्या वेळेला मेघाची रिक्षा निघालेली असते. माझा सूड पुरा झाला आहे, आणि त्याचा निम्मा हिस्सा मलाच मिळाला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कामं कराल. एखादा कोपरा कच्चा राहील. राहू द्या, तो लाल दिसू द्या, लोकांना हसू द्या. त्याच्यावर पडदा ओढायचा मोह झाला, तर आधी एवढंच विचारा, की हातात पिशवी घेऊन पलीकडे कोण वाट बघत बसलं आहे. आणि ते विचारूनही ओढायचाच असेल तर खुशाल ओढा, मी कोणाला अडवत नाही. पडद्यामागे माझ्यासारखे पुष्कळ बसले आहेत, आणि आम्हाला कसलीच घाई नसते.